भुरीला दाद न देणारा जव : पेरणीपासून मळणीपर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगतो. भुरीचा, म्हणजे पानांवर पांढरी पिठासारखी बुरशी येण्याचा त्रास असेल तर जवाचा हा वाण बिनधास्त घ्या. मात्र पिशवीवर 'रोगप्रतिकारक' लिहिलंय म्हणून पानावरच्या सगळ्याच रोगांतून सुटलो, असं धरून चालू नका.

या वाणात एमएलओ नावाचं जनुक निकामी झालेलं आहे, आणि त्याची ताकद त्यातच आहे. शेजारच्या पट्ट्यात एमएलए गटातल्या प्रतिकारक जनुकाचा जुना वाण होता. पेरणी एकाच वेळची, खतपाणीही सारखंच. फुटवे भरात आले तसे जुन्या वाणाच्या खालच्या पानांवर पिठाळ ठिपके दिसू लागले. बोट फिरवलं की पांढरी भुकटी हाताला लागायची आणि खालचं पान पिवळं पडलेलं असायचं. पीक पोटरीत येईपर्यंत भुरी वरच्या पानांवर चढली. या बुरशीच्या बीजाणूंना रुजायला पानावर पाणी साचावं लागत नाही, दमट हवा पुरते. त्यामुळे पाऊस नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. नव्या वाणावरही तेच बीजाणू वाऱ्याने येत होते, तरी भुरीसाठी एकही फवारणी करावी लागली नाही.

असं का होतं, तेही पाहण्यासारखं आहे. बीजाणू रुजला की तो पानाच्या वरच्या थरातल्या पेशीत घुसायला बघतो. पेशी नेमक्या त्याच जागी आतून कॅलोज नावाच्या चिवट पदार्थाचा थर रचून वाट बुजवते. एमएलओ प्रथिन या बचावाला लगाम घालतं आणि भुरीचं फावतं. ते प्रथिनच नसलं की बुरशी आत शिरूच शकत नाही. एमएलए मात्र बुरशीची ठरावीक खूण ओळखतं. बुरशीने खूण बदलली की काही वर्षांत वाण बळी पडतो. असा उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेला) जव जर्मनीत क्ष-किरणांच्या प्रयोगातून मिळाला, त्याची नोंद 1942 ची. पुढे इथिओपियातल्या देशी जवातही हा गुण सापडला आणि 1979 पासून युरोपातल्या लागवडीच्या वाणांत आला. एका जनुकावरचा प्रतिकार इतकी वर्षं टिकणं फार दुर्मीळ, आणि मला या वाणाचं खरं मोल तिथेच वाटतं.

आता खटकलेल्या गोष्टी. पानांवर बारीक तपकिरी ठिपके येतात. ते पाहून पहिल्यांदा धसका बसतो. पण भिंगातून पाहिलं तर बुरशीचा एक धागा दिसत नाही, पुसून हाताला काही लागत नाही. त्या पेशी आपोआप मेलेल्या असतात. हा त्या जनुकाचाच परिणाम. सुरुवातीच्या एमएलओ जवांत यामुळे उतारा थोडा घटायचा. माझ्याकडे तरी दाणा टपोरा भरला.

ओंब्या बाहेर पडल्यानंतरचे ठिपके मात्र नीट पाहा. लालसर तपकिरी, शिरांच्या मध्ये अडकलेले, चौकटीसारखे, भोवती पिवळी कड आणि पानाच्या दोन्ही बाजूंनी दिसणारे असतील तर तो रॅम्युलॅरिया हा बुरशीचा दुसरा रोग. एमएलओ वाणांत तो जास्त येऊ शकतो, आणि माझ्या पट्ट्यात तो आलाच. तांबेरा आणि जाळीदार करपा या पानांवरच्या इतर बुरशीजन्य रोगांना तर हा प्रतिकार लागूच पडत नाही.

आणखी एक. पाण्याची पाळी लांबली, पीक सुकलं आणि मग एकदम भरपूर पाणी मिळालं, तेव्हा या वाणावरही तुरळक भुरी दिसली. ताण अचानक सुटला की हा प्रतिकार थोडे दिवस ढिला पडतो. नंतर आलेली पानं स्वच्छ होती, म्हणून फवारणीचा पंप काढलाच नाही.

पुढच्या हंगामात मोठा पट्टा याचाच असेल. शेंड्याचं पान उघडलं की रॅम्युलॅरिया आणि तांबेऱ्यासाठी पाहणी सुरू करणार आहे. काणीसाठीची (ओंबीत दाण्यांऐवजी काळी भुकटी करणाऱ्या रोगासाठीची) बीजप्रक्रियाही चालूच ठेवणार, कारण काणी बियाण्यातूनच येते आणि तिथे एमएलओचा काही उपयोग नाही.