सेन्सर काढला, लाइट विझवली आणि पासष्ट हजार घेतले

मुंबई, ठाणे, नवी मुंबई या पट्ट्यात जुन्या टर्बो पेट्रोल गाड्यांचं ‘एमएएफ डिलीट’ (हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर काढून टाकण्याचं काम) करून देणारे बरेच जण आहेत. त्यांतले काही खरोखर जाणकार आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एकाने माझ्याकडून ६५,००० रुपये घेऊन गाडीचं जे केलं ते सगळं इथे लिहितोय, कारण त्याच हातून गेलेल्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि आपल्या बॉनेटखाली काय आहे हे त्यांच्या मालकांना माहीत नाही. दुकानाचं नाव देत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे.

गाडी जुनी ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटरचं, २० व्हॉल्व्हचं टर्बो इंजिन, कंपनीतून १५० पीएस. या गाडीत एअर फिल्टरच्या लगेच पुढे मास एअरफ्लो सेन्सर असतो. त्याच्या आत एक तापवलेली पातळ फिल्म असते. आत जाणारी हवा तिला गार करते, आणि तिचं तापमान टिकवायला किती करंट लागतो त्यावरून ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, कळतं की इंजिनात किती हवा चालली आहे. पेट्रोल किती सोडायचं, स्पार्क कधी द्यायचा, सगळं त्या आकड्यावर. माझा सेन्सर जुना होऊन चुकीचं रीडिंग देऊ लागला होता. कुर्ल्याला सीएसटी रोडवर ‘ओरिजिनल’ म्हणून मिळणारे सेन्सर लावून पाहिले, त्यांचं रीडिंग मूळ सेन्सरपेक्षाही वाईट. नकली सेन्सरचा हा धंदा वेगळाच आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

तेव्हा या ट्यूनरचं नाव कानावर आलं. “दादा, ती कटकटच संपवून टाकू. स्पीड डेन्सिटीवर घेऊ गाडी. मोठा बूस्ट पण देता येईल,” हे त्याचे शब्द. (बूस्ट म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब.) तीन बारचा मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), हवेच्या तापमानाचा वेगळा सेन्सर, ईसीयूची नवी फाइल आणि डायनोवर, म्हणजे पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर, ट्यूनिंग, असं सगळं मिळून ६५,००० ठरले. बिल मागितलं तर म्हणाला, अठरा टक्के जीएसटी वर लागेल. पैसे यूपीआयने घेतले, तेही दुसऱ्याच कुणाच्या नावावर.

स्पीड डेन्सिटी या कल्पनेत काहीच खोटं नाही. मास एअरफ्लो सेन्सरशिवाय कितीतरी गाड्या कारखान्यातूनच निघतात. हवा थेट मोजण्याऐवजी इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब, हवेचं तापमान आणि इंजिनाचा आरपीएम या तिघांवरून हिशेब करायचा. शाळेत शिकलेला वायूचा नियमच तो. पण त्या हिशेबात आणखी एक आकडा लागतो: सिलिंडर दर फेऱ्याला प्रत्यक्षात किती भरतो. त्याला व्हॉल्युमेट्रिक एफिशिएन्सी म्हणतात, आणि तो दर आरपीएमला, दर दाबाला वेगळा असतो. म्हणून त्याचा तक्ता करावा लागतो. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला दाब. सोळा बाय सोळाचा तक्ता धरला तरी २५६ घरं होतात. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावून, गाडी त्या त्या घरात धरून ठेवून, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; १ म्हणजे बरोबर, त्याखाली पेट्रोल जास्त) बघत एकेक आकडा दुरुस्त करत जायचं. आधी कमी दाबाची घरं, मग हळूहळू बूस्टची. ही खरी मेहनत आहे आणि पैसे तिचेच असतात. सेन्सर विकत कुणालाही मिळतो.

मुंबईत तापमानाचा भाग तर जास्तच नाजूक. मे महिन्यात सायनच्या ट्रॅफिकमध्ये गाडी उभी राहिली की इनटेकमधली हवा ६० अंशांवर सहज जाते. ३० अंशांच्या हवेपेक्षा ती सुमारे नऊ टक्के विरळ असते. तापमानाचा सेन्सर चुकीच्या जागी असेल किंवा जोडलेलाच नसेल, तर सगळा हिशेब तिथेच चुकला.

गाडी हातात आली तेव्हा ती खरंच जोरात पळत होती. चेक इंजिनची लाइट बंद. स्कॅनर लावला तर एकही एरर कोड नाही. सोबत डायनोचा छापील ग्राफ.

महिना-दीड महिना बरा गेला. मग पुण्याला जाताना खंडाळ्याच्या घाटात, तिसऱ्या गिअरला, बूस्ट पूर्ण असताना इंजिनातून पत्र्यावर खडे आपटल्यासारखा आवाज आला. नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण अवेळी भडकणं. पाय काढला की आवाज बंद, दाबला की पुन्हा. तिथून गाडी टोइंग करून ठाण्याला एका जुन्या गॅरेजमध्ये आणली. तिथल्या काकांनी आधी प्लग काढले. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलीनवर बारीक काळे, चकाकणारे ठिपके होते. त्यांनी तो प्लग उन्हात धरून मला दाखवला आणि म्हणाले, “हे पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, साहेब. सुटून इथे चिकटलंय.” कॉम्प्रेशन बघितलं, तिसरा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी. पुढे इंजिन उघडल्यावर त्या पिस्टनवर दोन रिंगांमधली कडा तडकलेली निघाली.

मग वायरिंग उघडलं. हा भाग नीट वाचा.

तीन बारचा मॅप सेन्सर होता. ब्रॅकेटवर व्यवस्थित बसवलेला, व्हॅक्यूमची नळी लावलेली, प्लगही लावलेला. प्लगमधून तीन वायरी निघतात: पाच व्होल्ट, ग्राउंड आणि सिग्नल. काकांनी वायरिंगवरची नवी काळी टेप ब्लेडने सोडवत नेली आणि वीतभर अंतरावर तिन्ही वायरी संपल्या. कापलेली टोकं, त्यावर हीट श्रिंक, त्यावर टेप. पुढे कशालाही जोडलेल्या नाहीत. मास एअरफ्लोचा मूळ प्लग मागे दुमडून झिप टायने बांधला होता. तापमानाचा वेगळा सेन्सर नव्हताच.

कंपनीचा बूस्ट सेन्सर जागेवर होता, पण त्याच्या सिग्नल वायरवर झेनर डायोड सोल्डर केलेला सापडला. लॅमिंग्टन रोडला काही रुपयांत मिळतो. ठरलेल्या व्होल्टेजच्या वर तो सिग्नल जाऊच देत नाही. म्हणजे बूस्ट कितीही वाढला तरी ईसीयूला तो एका पातळीपर्यंतच दिसणार, आणि जादा बूस्ट झाला म्हणून पेट्रोल तोडण्याची जी सुरक्षा कंपनीने दिली आहे ती कधीच चालू होणार नाही. आणि वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) नळीत एक साधा हाताने फिरवायचा ब्लीड व्हॉल्व्ह होता. टर्बोचा दाब वाढवला होता तो त्याने. गाडी ‘पळत’ होती ती एवढ्यामुळेच.

फाइलचं काय, तेही बघून घेतलं. दुसऱ्या एका ट्यूनरने ईसीयू वाचून स्टॉक फाइलशी ताडून पाहिला. पेट्रोलचे आणि इग्निशनचे तक्ते जसेच्या तसे होते. बदल फक्त एरर कोडच्या जागी. मास एअरफ्लोचा पी०१०२ आणि त्याच्या आसपासचे कोड दडपून टाकले होते. सेन्सर मिळत नाही म्हणून ईसीयू थ्रॉटल किती उघडलं आहे त्यावरून हवेचा अंदाज बांधत होता. कंपनीने ती सोय दिली आहे ती गाडी हळूहळू गॅरेजपर्यंत नेता यावी म्हणून. त्यावर रोज बूस्ट मारत गाडी चालवायला नव्हे.

यात इंजिन का मेलं, तो हिशेब सरळ आहे. ईसीयूला मॅनिफोल्डमध्ये दीड बार दाब आहे असं वाटतं, प्रत्यक्षात दोन बार असतो. आत येणारी हवा एक तृतीयांशाने जास्त, पेट्रोल मात्र दीड बारचं. पूर्ण बूस्टला लॅम्डा ०.८ च्या आसपास, म्हणजे मिश्रण चांगलं रिच हवं, तिथे ते १.०७ पर्यंत लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडणारं, होतं. ऑक्सिजन सेन्सर थोडंफार सावरून घेतो, पण त्यालाही मर्यादा आहे. वर स्पार्कही दीड बारच्याच हिशेबाने, म्हणजे हवा त्यापेक्षा लवकर. घाटातल्या लांब चढावर हे सगळं एकत्र आलं.

आता तो डायनोचा ग्राफ. घरी येऊन तो कागद मी पुन्हा नीट पाहिला. डायनोच्या कागदावर खाली हवेचं तापमान आणि वातावरणाचा दाब छापलेला असतो, कारण पॉवरचा आकडा त्यावरून दुरुस्त करतात. माझ्या कागदावर तापमान २१ अंश आणि दाब ९१ किलोपास्कल होता. माझं काम मे महिन्यात झालं, मुंबईत. समुद्रसपाटीला दाब १०० किलोपास्कलच्या आसपास असतो. ९१ म्हणजे नऊशे मीटर उंचीवरचं गाव, बंगळूरसारखं. ग्राफ दुसऱ्याच गाडीचा, दुसऱ्याच शहरातला, वर माझ्या गाडीचा नंबर टाकून छापलेला.

हे सगळं घेऊन त्या पहिल्या ट्यूनरकडे गेलो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, “लाइट लागली होती का? नाही ना? मग?” त्याच्या सगळ्या धंद्याचा आधार ती विझलेली लाइट आहे. गिऱ्हाईक लाइट बघतं, स्कॅनर बघतं, आणि दोन्ही गप्प असले की काम झालं असं धरून चालतं. मी वायरींचे फोटो पुढे केले तेव्हा आवाज बदलला. “करा तक्रार. मॉडिफाय केलेली गाडी आहे, मोटार वाहन कायद्यात तुम्हीच अडकाल.”

हा धाक तो प्रत्येकाला घालत असणार, म्हणून यावर स्पष्ट लिहितो. कायद्याचं कलम ५२ खरं आहे, कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करायला त्यात मनाई आहे आणि दंडाची तरतूदही आहे. विम्याचा क्लेमही त्यावरून नाकारला जाऊ शकतो. हे माहीत असूनच मी पुढे गेलो. पण त्यामुळे कापलेल्या वायरींचा सेन्सर विकणं आणि दुसऱ्याच्या गाडीचा ग्राफ देणं कायदेशीर होत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, ट्यूनरने दाद दिली नाही, मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. गाडीत काय बदल केला तेही अर्जात लपवलेलं नाही. व्हॉट्सॲपवरचं बोलणं, यूपीआयची नोंद, वायरिंग उघडतानाचा व्हिडिओ आणि काकांचा लेखी रिपोर्ट जोडला आहे. पोलिसांकडे जायचं तर फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, जुनं ४२० नव्हे.

इंजिनाचं काम ट्यूनिंगच्या पैशांपेक्षा बरंच महाग पडलं. आता गाडी कंपनीच्या मूळ फाइलवर आहे, खऱ्या मास एअरफ्लो सेन्सरसह.

तुम्ही असं काम करून घेतलं असेल तर पुन्हा हायवेला जाण्याआधी दोन गोष्टी तपासा. स्कॅनर किंवा लॅपटॉप लावून, इग्निशन चालू आणि इंजिन बंद ठेवून मॅप सेन्सरचं रीडिंग बघा. मुंबईत ते १०० किलोपास्कलच्या आसपास आलंच पाहिजे. मग इंजिन आयडलिंगला ठेवून नवा मॅप सेन्सर ज्याला म्हणतात त्याचा प्लग काढा. गाडी खरोखर स्पीड डेन्सिटीवर असेल तर इंजिन तिथल्या तिथे अडखळेल किंवा बंद पडेल. काहीच फरक पडला नाही, तर बूस्ट मारू नका. ट्यूनरला फोन करण्याआधी टेप स्वतःच्या डोळ्यांसमोर उघडून घ्या, आणि उघडताना व्हिडिओ चालू ठेवा. ट्यूनिंगच्या वेळचे लॉग मागा, वाइडबँडच्या रीडिंगसकट. ज्याने २५६ घरं भरली आहेत त्याच्याकडे ती फाइल असतेच, आणि तो ती लगेच पाठवतो.