जमिनीखालच्या अणुकचऱ्यासाठी तांबे की पोलाद?

वापरलेले अणुइंधन कायमचे जमिनीखाली ठेवायचे, तर पात्र कशाचे करावे? फिनलंड आणि स्वीडन यांनी कठीण खडकात तांब्याचे पात्र निवडले आहे. भोवताली चिकणमातीचा खडक असेल तिथे बहुधा जाड कार्बन पोलाद सुचवले जाते. गंजाच्या प्रयोगशाळेत काम करताना या दोहोंपैकी एकाची शिफारस मलाही करावी लागली होती.

पोलादाची बाजू लंगडी नाही. ते मजबूत असते, त्याचे वेल्डिंग हातखंडा असते, आणि ऑक्सिजन संपल्यावर पृष्ठभागावर मॅग्नेटाइटचा (लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा) थर बसून गंज फार मंदावतो. स्कॉटलंडमधील इंचटुथिल येथे रोमन सैन्याने पुरलेले लाखो खिळे अठराशेहून अधिक वर्षांनी सापडले, तेव्हा बाहेरचे खिळे गंजून त्यांचे कवच झाले होते आणि त्याआड आतले बरेच शाबूत राहिले होते.

मला खटकला तो हायड्रोजन. ऑक्सिजन नसला तरी लोखंड पाण्याशीच अभिक्रिया करते, आणि ओल्या मातीत पाण्याला तोटा नसतो. एक किलो लोखंडाचे पूर्ण मॅग्नेटाइट झाले, तर साधारण 530 लिटर हायड्रोजन सुटतो. पात्राभोवती भरायची, पाणी शोषून फुगणारी चिकणमाती म्हणजे बेंटोनाइट. अशा दाबून भरलेल्या बेंटोनाइटमध्ये आम्ही पोलादाचे नमुने बंद करून ठेवले होते. दाबमापकाचा काटा आठवड्यागणिक थोडा थोडा वर सरके, आणि ज्या मातीची घट्ट वीण हाच आपला भरवसा, तिच्यातूनच या वायूने वाट काढायची, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देईना. कुपी उघडली तेव्हा नमुन्याभोवतीची माती हिरवट काळी झालेली होती, आणि हवा लागताच ती डोळ्यांदेखत तांबूस होऊ लागली.

तांब्याच्या नमुन्यावर सल्फाइडचा (गंधकाच्या संयुगाचा) काजळीसारखा काळा थर होता. तो हातमोज्याने पुसला, तर खाली घासकामाच्या मूळ रेघा दिसत होत्या. सल्फाइड तांब्यालाही खाते आणि तिथेही हायड्रोजन सुटतो, हे मान्य. पण ते सल्फाइड दाट बेंटोनाइटमधून फार सावकाश झिरपत येते आणि जेवढे येईल तेवढेच धातूचे नुकसान होते. मात्र माती सैल राहिली, तर सल्फाइड तयार करणारे जिवाणू तिथे वाढतात, म्हणून तांबे निवडणाऱ्याने मातीच्या घनतेत तडजोड करू नये. तांबे मऊ असल्याने 5 सेंटीमीटरच्या कवचाआड ओतीव लोखंडाचा गाभा द्यावा लागतो. झाकणाच्या जोडाची तपासणीही किचकट असते.

पात्राकडून काही हजार वर्षांचीच अपेक्षा असेल आणि सुटणारा वायू खडकाला धक्का न लावता निघून जाईल असे दाखवता येत असेल, तर पोलाद निवडण्यात मला चूक दिसत नाही. खडकाला भेगा असतील आणि मुदत लाखाच्या घरातली असेल, तर मी तांब्याकडे झुकेन. पोलादावर सुमारे 3 मिलिमीटर तांब्याचा लेप देण्याचा कॅनडाचा मार्ग मला आकर्षक वाटतो, फक्त झाकण बसवल्यावर जोडावर चढवलेला लेप उरलेल्या लेपाइतकाच निर्दोष आहे, हे मला आधी पाहायला हवे.