58 सीसी घेऊ की 45? वाडीसाठी कटर निवडताना

कटर, म्हणजे झाडं कापायची पेट्रोलवरची चेनसॉ, घ्यायचं म्हटलं की प्रत्येक जण आधी विचारतो, "किती सीसीचं घेऊ?" मी उलट विचारतो, "तुमच्याकडे रोज काय कापलं जातं?" पोफळी, नारळाच्या झापा, आंब्याच्या वाळक्या फांद्या, की दोन माणसांच्या कवेत न मावणारं ऐनाचं झाड? याचं उत्तर मिळालं की निम्मी मशीनं आपोआप यादीतून गळतात.

3 जून 2020ला निसर्ग वादळ आलं आणि आमच्या दापोलीकडच्या वाड्या आडव्या झाल्या. कटरवाला मिळेना. मिळाला तर म्हणेल त्या भावाला. त्या घाईत मी सहा हजारांत एक 58 सीसीचं मशीन मागवलं. कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही, कारण तेच मशीन दहा नावांनी विकलं जातं. महिनाभर त्याने खरंच काम केलं, पैसे वसूल झाले म्हणा ना. मग चेनला तेल पुरवणारा ऑइल पंप गेला. चेन कोरडी फिरतेय हे माझ्या लक्षात येईपर्यंत गाईड बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी, तापून निळा पडला होता. पंप मिळेना, आणि मिळाला तो बसेना. ते मशीन आजही माळ्यावर आहे.

तरी या स्वस्त मशीनला मी सरसकट नावं ठेवणार नाही. वर्षातून चार-पाच दिवस जळाऊ लाकूड पाडायचं असेल, गावात पार्ट ठेवणारा मिस्त्री असेल आणि बारला तेल पोचतंय का हे रोज बघायची सवय असेल, तर चालतं. बघायची पद्धत सोपी आहे. बारचं टोक पुठ्ठ्यासमोर हातभर अंतरावर धरून रेस द्यायची. पुठ्ठ्यावर तेलाचे शिंतोडे उठले पाहिजेत.

आता ब्रँडेड मशीनं. आकडे कंपन्यांचे आहेत, आणि वजन बार-चेन सोडून. स्टिल (Stihl) कंपनीचं एमएस 180 म्हणजे 31.8 सीसी आणि चार किलोच्या आसपास. एका हातात उचलून बांधावरून चालता येतं. वीतभर जाडीपर्यंत मजेत कापतं, त्यापुढे घाम काढतं. एमएस 250 म्हणजे 45.4 सीसी, ताकद 2.3 किलोवॅट, वजन 4.6 किलो. वाडीवाल्याच्या दहातल्या आठ कामांना हे पुरतं. एमएस 261 ऐकायला त्याचाच मोठा भाऊ, 50.2 सीसी. पण ताकद 3 किलोवॅट आणि वजन 4.9 किलो. पाच सीसी वाढले, तीनशे ग्रॅम वाढले आणि ताकद तिसऱ्या हिश्श्याने जास्त मिळाली. 'प्रोफेशनल' या शब्दाचा अर्थ इथे कळतो. इंजिनाचं घर मॅग्नेशियमचं, कंपन कमी, आणि उघडून दुरुस्त करायचं या हिशेबानेच बांधलेलं. दिवसाला सहा तास मशीन हातात असणाऱ्याने किमतीकडे न बघता हेच घ्यावं. महिन्यातून दोनदा काढणाऱ्याला तो फरक हातालाही कळणार नाही आणि खिशाला मात्र कळेल.

त्यावर येतं ते लाकूडतोडीच्या ठेकेदारांचं राज्य. स्टिल एमएस 382 आणि हुस्कवर्ना कंपनीचं 272 एक्सपी, दोन्ही 72.2 सीसी.  एक 3.9 किलोवॅट आणि 6.2 किलो, दुसरं 3.6 आणि 6.3. यातलं कुठलं, हा वाद मी घालत नाही. ज्याचा पार्ट तुमच्या तालुक्याच्या गावी त्याच दिवशी मिळतो, ते घ्या. पण वाडीसाठी? वीस-चोवीस इंची बार लावून हे धूड घेऊन पोफळीत शिरलात तर अर्धा तासही टिकणार नाही. वर्षातून एखादा मोठा बुंधा येतो, त्या दिवशी ठेकेदाराला बोलवा. तो बुंधा आंबा, फणस, साग किंवा ऐनाचा उभा असेल तर आधी वनखात्याची परवानगी. 1964चा वृक्षतोडीचा कायदा झाड स्वतःच्या जमिनीत आहे म्हणून सुटका देत नाही.

बॅटरीवालं मशीन शहरातल्या सोसायटीला, फार्महाऊसला, वरच्यावर छाटणी करणाऱ्याला झकास. दोरी ओढायला नको, आवाज कमी, पेट्रोल नासायची भीती नाही. आमच्याकडे मात्र वादळानंतरच कटर जास्त लागतं, आणि तेव्हा आठ-आठ दिवस वीज नसते.

पेट्रोलची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण मशीनं झिजून कमी मरतात, टाकीतल्या पेट्रोलने जास्त मरतात. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. हुस्कवर्नाच्या पुस्तिकेत मर्यादा 10 टक्के लिहिली आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणात हवेत पाण्याशिवाय असतं काय! कार्बोरेटरमधला पातळ पडदा कडक होतो, नळ्या मऊ पडतात. म्हणून पेट्रोलमध्ये ऑइल आठवडाभर पुरेल एवढंच मिसळायचं. चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलचं प्रमाण 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिली. खोकल्याच्या औषधाचं 10 मिलीचं झाकण असतं, तशी दोन झाकणं. डोळ्यांनी अंदाज करू नका. कमी पडलं तर पिस्टन चिकटतो. स्वस्त मशीनच्या पुस्तिकेत 25 ला 1 लिहिलं असेल तर तसंच टाका. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून, सुरू करून, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. मगच पोत्यात गुंडाळायचं.

नवीन मशीन घरी आलं की आधी चेन ताणायची. बारचे नट सैल करा, बारचं टोक वर उचलून धरा, चेन खालून बारला टेकेपर्यंत स्क्रू फिरवा आणि टोक उचललेलं असतानाच नट घट्ट करा. चेनचा ब्रेक सोडून हाताने ओढली तर चेन सरकली पाहिजे. नवी चेन पहिल्या तासाभरातच सैल पडते, तेव्हा परत ताणा. काम संपल्यावर थोडी सैल सोडा. गरम असताना ताणलेली चेन गार झाल्यावर आखडते आणि सगळा ताण इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे क्रँकवर येतो. रेस सोडल्यावर चेन थांबायलाच हवी. थांबत नसेल तर आयडलचा स्क्रू कमी करा. कार्बोरेटरच्या 'एच' लिहिलेल्या स्क्रूला कानाच्या भरवशावर हात लावू नका. आवाज छान टिपेचा येतो आणि पिस्टन जातो.

आणि कानस. 45 सीसीवर चांगली चेन 31 सीसीवरच्या बोथट चेनपेक्षा भारी, हे कोणीही सांगेल. पण 31 सीसीवरची धारदार चेन 58 सीसीवरच्या बोथट चेनला मागे टाकते, हे बघितल्याशिवाय पटत नाही. भुसा पोह्यांसारखा पडतोय तोवर ठीक, पिठासारखा पडायला लागला की थांबा. दाबून कापू नका. गोल कानशीचा व्यास चेनप्रमाणे असतो. लहान मशीनच्या बारीक चेनला 4 मिलिमीटर, कड्यांच्या अंतराचं माप .325 इंच असलेल्या चेनला 4.8. कोन 30 अंश, कानस फक्त पुढे ढकलायची, प्रत्येक दाताला मोजून तीन-चार हात. एका बाजूला जास्त घासलं गेलं की काप चंद्रकोरीसारखा वाकडा जातो. तीन-चार वेळा धार लावली की दातापुढचा छोटा उंचवटाही चपट्या कानशीने उतरवा, दातापेक्षा साधारण 0.65 मिलिमीटर खाली. नारळाचा बुंधा किंवा वाळूतलं सुरूचं झाड असेल तर दर टाकीला धार, आणि दातांचे कोपरे गोलसर असलेली सेमी-चिझल चेन. टोकदार चेन तिथे दोन कापांत मरते.

हेल्मेट, गॉगल आणि पायाला चॅप्स (मांड्यांवर बांधायचं जाड संरक्षक आवरण) यांचे पैसे मशीनच्या किमतीतच धरा. चेन सेकंदाला 20 मीटरच्या आसपास पळते. बारच्या टोकाचा वरचा कोपरा कुठे टेकला तर मशीन तोंडाकडेच येतं.

बजेट कमी असेल तर नव्या 58 सीसीपेक्षा मी जुनं एमएस 250 शोधेन. बघताना इंजिन गार असू दे. सुरू करून गरम ठेवलेलं असेल तर संशय घ्या. स्टार्टरची मूठ धरून मशीन लटकवा, भसकन खाली आलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब गेलाय. मग सायलेन्सर खोलून आतला पिस्टन टॉर्चने बघा. उभे ओरखडे दिसले तर नको. मालक सायलेन्सर खोलू देत नसेल, तर चहा पिऊन निघा.