बायरॅककडे जायचं ठरलंय. 'बिग' घ्यावं की 'सीड'?

जैवतंत्रज्ञानातल्या नवउद्योगाला केंद्राचा पैसा मिळतो तो मुख्यतः बायरॅकमार्फत. जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ मध्ये उभी केलेली ही ना-नफा सरकारी कंपनी. तिच्या योजनांची यादी लांबलचक आहे, पण सुरुवातीला निवड करायची असते ती बहुधा 'बिग' आणि 'सीड' या दोनांतच.

'बिग' म्हणजे निव्वळ अनुदान. कमाल ५० लाख रुपये, मुदत साधारण १८ महिने. परतफेड नाही, कंपनीतला हिस्सा द्यावा लागत नाही, बौद्धिक संपदाही तुमचीच राहते. फुकटचा पैसा म्हणून लोक यावर तुटून पडतात, पण तो हप्त्याहप्त्याने येतो. ठरलेला टप्पा गाठला, खर्चाचा हिशोब आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) दिलं, की पुढचा हप्ता. प्रयोग मधेच वेगळ्या दिशेला गेला आणि तुम्हाला रसायनांऐवजी उपकरणावर खर्च करावासा वाटला, तर आधी मंजुरी घ्या. शिवाय हा पैसा कल्पना सिद्ध करण्यासाठी आहे; विक्रीचा माणूस नेमायला तो चालणार नाही.

'सीड'मध्ये ३० लाखांपर्यंत भांडवल मिळतं, तेही थेट बायरॅककडून नाही, तर तिने निवडलेल्या जैव-इनक्युबेटरमार्फत, म्हणजे नवउद्योगांना जागा, प्रयोगशाळा आणि सल्ला देणाऱ्या संस्थेमार्फत. बदल्यात हिस्सा द्यायचा. त्यामुळे कंपनीचं मूल्यांकन, भागधारकांचा करार, वकिलाची फी हे सगळं आलं. मात्र खर्चाला मोकळीक जास्त, आणि पुढच्या गुंतवणूकदारासमोर बसताना कागदपत्रं तयार असतात. याच वाटेवर पुढे 'लीप' हा निधी आहे, एक कोटीपर्यंतचा.

माझं मत स्पष्ट आहे: प्रयोगशाळेत अजून काहीच सिद्ध झालं नसेल, तर हिस्सा विकू नका. तेव्हाचं मूल्यांकन म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे, आणि त्या भावाने दिलेला हिस्सा पुढे फार महागात पडतो. आधी 'बिग', मग 'सीड'. उत्पादनाचा पहिला नमुना चालतोय, एखादं रुग्णालय तो वापरून बघायला तयार आहे आणि अडलंय ते फक्त पगारापाशी, अशी वेळ आली असेल तर मात्र अनुदानाच्या निकालाची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

'बिग'साठी एकट्या संशोधकालाही अर्ज करता येतो, पण इनक्युबेटरची साथ लागते. पुण्यातलं व्हेंचर सेंटर, बंगळुरूचं सी-कॅम्प, हैदराबादचं आयकेपी हे 'बिग'चे भागीदार. अर्ज पाठवण्याआधी त्यांच्यापैकी कुणाशी तरी बोलून घ्या; कच्चा मसुदा कुठे लंगडा आहे ते तिथे लगेच कळतं.

कंपनी जुनी झाली असेल तर 'बिग'चं दार बंद होतं. मग बायरॅकच्याच 'एसबीआयआरआय' किंवा 'बीआयपीपी' या योजना. तिथे रकमा मोठ्या, पण खर्चाचा वाटा तुम्हालाही उचलावा लागतो.

आणि उत्पादन काय आहे तेही बघा. निदानाचं किट १८ महिन्यांत दाखवण्याजोगं होऊ शकतं. नव्या औषधाचा रेणू तेवढ्यात प्राण्यांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचला तरी खूप. तिथे 'बिग'च्या अर्जात एकच नेमका प्रश्न सोडवायला घ्या, सगळं औषध नको.