क्रूझ मधेच बंद पडली तर: सारखी बोलणारी कंपनी बरी की पक्कं झाल्यावरच बोलणारी?

क्रूझ बुक करताना केबिन कुठली, डेक कुठला, ड्रिंक पॅकेज घ्यायचं का, हे सगळं तुम्ही एव्हाना पाहिलंच असेल, त्यात मी पडत नाही. दोन कंपन्यांपाशी येऊन गाडी अडली असेल आणि बाकी सगळं उन्नीस-बीस असेल, तर मी हल्ली एकच गोष्ट बघतो, की बोट बिघडली तेव्हा ही मंडळी प्रवाशांशी काय बोलली आणि बाहेर मीडियाला काय सांगितलं. विचित्र वाटेल पण माझ्यासाठी तरी शेवटी यावरच निर्णय झाला.

बिघाड म्हटलं की लोकांना आग आणि लाइफ जॅकेट आठवतं. पण बहुतेक वेळा ते इतकं नाट्यमय नसतं, एखादा जनरेटर जातो, नाहीतर बोटीखालच्या फिरत्या मोटरी, ज्यांना पॉड म्हणतात, त्यातला एक रुसतो, आणि मग वेग कमी, एखादं बंदर रद्द, परत यायला उशीर. जिवाला धोका नसतो, खायला मिळतं, एसीही चालू असतो. फक्त काय चाललंय ते कळत नाही. कंपनीचा खरा स्वभाव कळतो तो अशाच वेळी.

ढोबळमानाने दोन जाती आहेत. पहिली जात घड्याळाने बोलते, म्हणजे कॅप्टन स्वतः माइकवर येतो, जे माहीत आहे ते सांगतो, जे माहीत नाही ते नाही म्हणून सांगतो आणि पुढे किती वाजता बोलणार ते सांगून जातो. दुसरी जात सगळं पक्कं झाल्याशिवाय ताकास तूर लागू देत नाही, आणि बोलते तेव्हा मुख्य ऑफिसातून वकिलांच्या हाताखालून गेलेलं एक गुळगुळीत निवेदन येतं, तेच प्रवाशांना आणि तेच प्रेसला.

दुसऱ्या जातीची बाजू आधी मांडतो, कारण तिला उगाच शिव्या पडतात. पक्कं झाल्यावर बोलणाऱ्याला शब्द फिरवावा लागत नाही. आधीच बोलून बसलं की काय होतं ते बघा. फेब्रुवारी २०१३ मध्ये कार्निव्हल ट्रायम्फ मेक्सिकोच्या आखातात इंजिन रूमच्या आगीनंतर बंद पडली, बोटीवर चार हजारांवर माणसं, आणि आधी सांगितलं की टग, म्हणजे ओढून नेणाऱ्या बोटी, लावून मेक्सिकोतल्या प्रोग्रेसोला नेतोय. मग प्रवाहाने बोट उत्तरेला वाहवत नेली आणि ठरलं की अमेरिकेतल्या मोबीलला न्यायची. निर्णय कदाचित बरोबरच असेल, पण आतल्या माणसाने एकदा मनात हिशेब मांडलेला असतो, तो पुसून नवा मांडायचा म्हणजे त्रास होतोच. २०२४ मधली व्हिला व्ही ओडिसी आठवा, ३० मेला बेलफास्टहून जगप्रदक्षिणेला निघायची होती, दुरुस्तीमुळे निघता निघता सप्टेंबर संपला, आणि मधल्या काळात अंदाज पुढे पुढे सरकत राहिले. कंपनीने हॉटेलांचा वगैरे खर्च केला म्हणे, पण दर वेळी 'आता लवकरच' ऐकणाऱ्याचं काय होत असेल याचा विचार करा. तर ज्यांना अर्धवट माहितीने जास्त धसका बसतो, झोप उडते, त्यांच्यासाठी कमी बोलणारी कंपनी खरंच बरी पडू शकते, आणि भरपाईचं पत्रसुद्धा अशा कंपन्यांकडून बऱ्याचदा एकदाच, नीट, सगळे आकडे घालून येतं असा माझा तरी अनुभव आहे.

आता माझं जे बिनसलं ते सांगतो.

कमी बोलणाऱ्या एका कंपनीच्या बोटीवर, नाव घेत नाही, रात्री कधीतरी पायाखालची ती बारीक थरथर थांबली. ज्यांनी क्रूझ केलीय त्यांना माहीत आहे, ती थरथर असते तोवर जाणवत नाही आणि थांबली की माणूस जागा होतो. सकाळी केबिनच्या टीव्हीवर जो नकाशाचा चॅनल असतो त्यावर वेगाच्या जागी शून्याच्या आसपासचा आकडा. मग अनाउन्समेंट झाली, तांत्रिक कारणामुळे बोट थांबली आहे, थोड्याच वेळात अधिक माहिती देऊ, आपल्या संयमाबद्दल आभार. बस. पुढची अनाउन्समेंट कधी ते नाही. आणि यातली खरी मेख अशी की रोजच्या अनाउन्समेंट कॉरिडॉर आणि डेकवर ऐकू येतात, केबिनच्या आतला स्पीकर सहसा फक्त इमर्जन्सीला बोलतो. म्हणजे ती 'थोड्याच वेळात'वाली माहिती केबिनमध्ये बसून ऐकू येणार नाही, अंघोळीला गेलात तर चुकणार, पूलवर गाणी चालू असली तरी चुकणार. आमच्या मजल्यावर लोकांनी दारात चपला नाहीतर बॅगा अडकवून दारं अर्धी उघडी ठेवलेली, एक आजोबा खुर्चीच कॉरिडॉरमध्ये आणून बसले, आणि स्पीकर खरखरला की अख्खा मजला बाहेर यायचा, तर ती असायची बिंगोची वेळ. बिंगोची वेळ त्यांना मिनिटासकट माहीत होती!

हाच तो वैताग. बोट बंद पडण्याचं मला फारसं काही वाटलं नाही, यंत्र आहे, बिघडणारच. पण पुढचं कधी सांगणार ते न सांगितल्यामुळे त्या सबंध दिवसाचा काही उपयोगच करता आला नाही, ना पुस्तक वाचलं, ना धड जेवलो, सगळे कान त्या छतातल्या स्पीकरकडे. खाली गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर ही लांब रांग आणि पलीकडची मुलगी बिचारी एका छापील कागदावरची तीच तीन वाक्यं प्रत्येकाला वाचून दाखवतेय, तिच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आणि मग घरून मेसेज आला की तुमचं पुढचं बंदर रद्द झालं ना, बातमीत आलंय, कंपनीने म्हटलंय की सगळे प्रवासी आरामात आहेत आणि बोटीवरच्या कार्यक्रमांचा आनंद घेतायत. आम्हाला ते बंदर रद्द झाल्याचं दाराखालून सरकवलेल्या चिठ्ठीतून कळलं, त्यानंतर बऱ्याच वेळाने.

एकेकाळी हे खपून जायचं, कारण बोटीवरून बाहेर बोलायची सोयच महागडी आणि रखडणारी होती. २०२२ पासून रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल ग्रुप वगैरेंनी स्टारलिंक, म्हणजे उपग्रहावरून चालणारं वेगवान इंटरनेट, बसवायला घेतलं आणि ते संपलं. आता प्रेसनोट यायच्या आत कोणाचा तरी व्हिडिओ बाहेर गेलेला असतो. मार्च २०१९ ला नॉर्वेच्या किनाऱ्यावर वादळात वायकिंग स्कायची इंजिनं बंद पडली तेव्हाच हे दिसलं होतं, खुर्च्या-टेबलं इकडून तिकडे घसरतायत हे जगाने प्रवाशांच्या फोनवरूनच पाहिलं. १,३७३ माणसं होती बोटीवर, त्यातली ४७९ हेलिकॉप्टरने काढली. अशा वेळी 'प्रवासी आरामात आहेत' छापाचं काही बोलून चाललंच नसतं. कंपनीचे चेअरमन टॉर्स्टाइन हागेन स्वतः नॉर्वेतल्या मोल्डेला जाऊन प्रवाशांना भेटले, त्याचा परिणाम झालाच.

माणूस पाठवणं या बाबतीत त्याच २०१३ सालातली दोन प्रकरणं शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. ट्रायम्फच्या वेळी कार्निव्हल गप्प होती असं म्हणता येणार नाही, फेसबुक-ट्विटरवर अपडेट चालू होते, त्यांचे प्रमुख गेरी काहिल यांनी प्रेससमोर माफी मागितली, बोटीवर जाऊनही मागितली, पूर्ण रिफंड, वर ५०० डॉलर, पुढच्या क्रूझसाठी क्रेडिट, सगळं दिलं. पण मूळ कंपनीचे चेअरमन मिकी अ‍ॅरिसन त्या दिवसांत स्वतःच्या बास्केटबॉल टीमची मॅच बघायला गेले आणि लोकांच्या लक्षात तेच राहिलं, ते आणि तुंबलेले टॉयलेट. तीनेक महिन्यांनी, मे अखेरीस, रॉयल कॅरिबियनच्या ग्रँडर ऑफ द सीजला मागच्या बाजूला आग लागली, प्रवासी मध्यरात्रीनंतर लाइफ जॅकेट घालून डेकवर, बोट बहामातल्या फ्रीपोर्टला नेली. त्यांचे प्रमुख अ‍ॅडम गोल्डस्टीन लगेच तिथे पोचले आणि कंपनीने जळालेल्या भागाचे फोटो स्वतःच ट्विटरवर टाकले. एकदा तुम्हीच काळा पडलेला भाग दाखवला की चॅनलवाल्यांना 'एक्सक्लुझिव्ह' म्हणून दाखवायला फार उरत नाही. अर्थात तुलना अगदी बरोबरीची नाही हे मान्य, ग्रँडरची वीज शाबूत होती, ती स्वतःच्या ताकदीवर बंदराला गेली, ट्रायम्फ ओढत न्यावी लागली आणि बंदराला लागेपर्यंत चार दिवस गेले. तरी पण.

बोलणाऱ्या जातीचा माझा अनुभव दुसऱ्या एका कंपनीचा, त्यांचंही नाव राहू दे, नाहीतर जाहिरात वाटेल. तिथे पॉडची भानगड होती. कॅप्टनचं पहिलंच वाक्य असं की दोनपैकी एक मोटर बंद केली आहे, दुसरीवर आपण हळू जाऊ शकतो, उद्याच्या बंदराला पोचू की नाही ते मला आत्ता माहीत नाही, मी तीन वाजता पुन्हा बोलेन आणि तेव्हा केबिनमधला स्पीकरही चालू ठेवेन. तीन वाजता आला, म्हणाला नवीन काही नाही, इंजिनीअर अजून आत आहेत, आता सहा वाजता. आणि गेला! अर्ध्या मिनिटाचंही बोलणं नसेल. पण तीन ते सहा मी मस्त झोपलो, कारण त्या वेळात काही चुकणार नव्हतं. बंदर शेवटी चुकलंच, भरपाईसुद्धा पहिल्या कंपनीपेक्षा थोडी कमीच मिळाली असेल, त्यावर मी हुज्जत घातली नाही.

या जातीचा त्रास नाही असं नाही. एक तर तुमच्या झोपेची पर्वा नसते, अपरात्री केबिनमध्ये कॅप्टनचा आवाज घुमला की लहान मुलं रडायला लागतात. दुसरं, हा सगळा खेळ त्या कॅप्टनच्या स्वभावावर चालतो, पुढच्या वेळी त्याच कंपनीत मुखदुर्बळ कॅप्टन मिळाला तर काय, याला माझ्याकडे उत्तर नाही. आणि खरी आग वगैरे असताना पहिला बराच वेळ कोणी काही बोलणार नाही, बोलूही नये, तेव्हा त्यांना कामं असतात, आपण मस्टर स्टेशनला, म्हणजे इमर्जन्सीत जमायच्या ठरलेल्या जागी, जाऊन उभं राहायचं.

मात्र गप्प बसणं वेगळं आणि खोटं सांगून वेळ मारून नेणं वेगळं. जानेवारी २०१२ मध्ये कोस्टा कॉनकॉर्डिया इटलीतल्या जील्यो बेटाजवळ खडकावर घासली तेव्हा प्रवाशांना सांगितलं गेलं की विजेचा बिघाड आहे, सगळं नियंत्रणात आहे. बोट सोडायचा आदेश यायला तासाहून जास्त वेळ गेला. ३२ माणसं गेली. तेव्हापासून 'विजेचा किरकोळ बिघाड' हे शब्द स्पीकरवर ऐकले की माझे कान उभे राहतात, आणि मला वाटतं ज्यांनी ते प्रकरण वाचलंय त्या सगळ्यांचेच राहत असतील.

कागदावर हक्क आहेत, ते दोन्ही जातींना सारखेच लागू. ट्रायम्फचा गदारोळ झाल्यावर मे २०१३ मध्ये क्रूझ कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे क्लियाने, प्रवाशांच्या हक्कांची दहा कलमी यादी काढली, त्यात बिघाड झाल्यावर वेळेवर माहिती मिळण्याचा हक्क आहे, दुरुस्ती कुठवर आली ते कळण्याचाही आहे, आणि बिघाडामुळे ट्रिप रद्द झाली तर पूर्ण रिफंड. वाचायला छान आहे. फक्त 'वेळेवर' म्हणजे किती तासांनी हे कुठेही लिहिलेलं नाही, आणि माझ्या त्या दारं उघडी ठेवलेल्या दिवशीही कंपनी म्हणू शकली असती की आम्ही वेळेवरच कळवलं. भरपाईचंही तसंच, २००६ मध्ये क्वीन मेरी २ चा पॉड निकामी झाला आणि मधली बंदरं गाळून बोट सरळ रिओला न्यायचं ठरलं तेव्हा तिच्या कंपनीने, क्युनार्डने, आधी निम्मे पैसे देऊ केले, प्रवाशांनी रिओत बोटीवरून उतरणारच नाही म्हटल्यावर मग पूर्ण दिले.

मग बुक करण्याआधी बघायचं काय, तर त्या कंपनीच्या एखाद्या जुन्या बिघाडाच्या बातम्या काढा आणि कंपनीचं निवेदन बाजूला ठेवून प्रवासी काय म्हणतात ते वाचा. जेवण वाईट होतं, टॉयलेट बंद होते, हे सगळीकडेच मिळेल, ते सोडून द्या. 'आम्हाला कोणीच काही सांगत नव्हतं' हे वाक्य किती जणांच्या तोंडी आहे ते बघा. निवेदनात पुढची माहिती कधी देणार ते लिहिलंय का, बोलणारा कॅप्टन होता की करमणुकीचे कार्यक्रम बघणारा क्रूझ डायरेक्टर, कारण क्रूझ डायरेक्टरचा आवाज गोड असतो पण इंजिनबद्दल त्याला तुमच्याइतकंच माहीत असतं. बुकिंग एजंटला विचारून उपयोग नाही, विचारून पाहिलंय.

दोन्हींचा दर सारखा असेल तर माझं मत घड्याळाने बोलणाऱ्या कंपनीला, आणि ती थोडी महाग असली तरी तिलाच. गप्प कंपनी चांगली घसघशीत सूट देत असेल आणि तुम्हाला अशा गोष्टींनी फारसा फरक पडत नसेल तर तीही घ्या, वाईट नाही, फक्त बोट परत येणार त्याच दिवशीचं विमान काढू नका. दुसऱ्या दिवशीचं काढा, तेही दुपारनंतरचं.