बँकांना होणारा दंड: पाचपैकी दोन तारे

लेखापरीक्षणात आयुष्य गेलं, त्यामुळे बाजारभाव फिरवणाऱ्या बँकांना होणारा दंड ही 'सेवा' मी ताळेबंदावरूनच जोखतो. पॅकिंग झकास, आकडा डोळे दिपवतो. आतला माल? सोनं-चांदी आणि अमेरिकी सरकारी रोख्यांच्या वायद्यांत खोट्या ऑर्डरी टाकून ऐनवेळी काढून घेतल्याबद्दल जेपी मॉर्गन या अमेरिकी बँकेने २०२० मध्ये ९२ कोटी डॉलर भरले. त्याच वर्षी निव्वळ नफा २,९०० कोटींच्या वर. म्हणजे ११-१२ दिवसांची कमाई! शिवाय पैसा जातो भागधारकांचा. वाटून झालेले बोनस परत आलेले मी क्वचितच पाहिलेत. वार्षिक अहवालात 'खटल्यांसाठी तरतूद' ही ओळ तर वीजबिलासारखी आधीच बसलेली असते.

टिकाऊपणाचं विचारूच नका. लायबॉर (बँकांनी एकमेकांना दिलेल्या कर्जांचा तेव्हाचा मापदंड व्याजदर) फिरवल्याच्या प्रकरणात यूबीएस या स्विस बँकेने २०१२ मध्ये एकूण सुमारे १५० कोटी डॉलर मोजले आणि अमेरिकेत खटला टाळण्याचा करार पदरात पाडून घेतला. २०१५ मध्ये चलनबाजारातल्या उद्योगांपायी तोच करार मोडीत निघाला.

मग दुसरा तारा कशाचा? जेपी मॉर्गनच्याच दोन माजी ट्रेडरांना २०२३ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. हा भाग चालतो. फक्त तो दंडासोबत हमखास मिळत नाही.