रॉजर्स एलएस ३/५ए : मातीच्या घरात तिन्ही ऋतू काढल्यानंतर

लाखाच्या वरचे जुने विलायती स्पीकर खेड्यात कशाला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. माझं उत्तर असं, की हे स्पीकर शहरातल्या फ्लॅटपेक्षा आमच्या मातीच्या घरात जास्त चांगले वाजतात. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तिन्ही ऋतूंत ते रोज ऐकले, त्यामुळे नव्या वस्तूच्या कौतुकाचा भाग आता गळून गेलाय. जे उरलं ते लिहितोय.

माझं गाव वरूड तालुक्यात, संत्र्याच्या पट्ट्यात. घर आजोबांनी बांधलेलं. पांढऱ्या मातीच्या दोन फूट जाड भिंती, वर लाकडी माळा, त्याच्यावर कवेलू, खाली शेणानं सारवलेली जमीन. स्पीकर रॉजर्स कंपनीचे, १५ ओहमचे (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो विरोध), सत्तरच्या दशकाच्या शेवटी बनलेले. मुंबईतल्या एका वयस्कर रसिकाकडून घेतले. त्यांनी ते फार जपून वापरले होते. ॲम्प्लिफायर क्वाड ३०३. गाणी बहुतेक एलपीवर, बाकी फोनमधून डॅक (डिजिटल गाण्याचं विद्युत संकेतात रूपांतर करणारी डबी) लावून, आणि सकाळी रेडिओ.

ज्यांना हे मॉडेल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हा स्पीकर बीबीसीच्या संशोधन विभागात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाला. तिथे स्टुडिओंच्या लहान प्रतिकृती करून आवाजाचा अभ्यास चालायचा, आणि त्या प्रतिकृतींत ठेवायला एक छोटा स्पीकर लागत होता. तो इतका चांगला निघाला की त्यातूनच बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एक मॉनिटर, म्हणजे आवाज तपासायचा स्पीकर, आकाराला आला. गाडीत जागा नसते, मोठा स्पीकर मावत नाही, आणि निवेदकाचा आवाज नीट जातोय की नाही हे तर तिथल्या तिथे कळायला हवं. १९७६ साली हारवुड, व्हॉटन आणि मिल्स या तिघांनी त्याच्या रचनेचा अहवाल लिहिला. स्पीकरच्या कामात रस असेल तर तो जरूर वाचा. बीबीसीनं परवाना देऊन हे स्पीकर वेगवेगळ्या कंपन्यांकडून बनवून घेतले, पण आतले दोन्ही ड्रायव्हर, म्हणजे प्रत्यक्ष आवाज काढणारे भाग, केईएफ कंपनीचेच: खाली जाड आवाजाचा वूफर बी ११०, वर बारीक आवाजाचा ट्विटर टी २७.

खोकं जेमतेम फूटभर उंच. १२ मिलिमीटर जाडीचं बर्च प्लाय, आतून डांबरी पट्ट्या चिकटवलेल्या. जाडजूड, दगडासारखं खोकं करायचं सोडून पातळ प्लाय का, हा प्रश्न मलाही पडला होता. जाड खोकं घुमतं तेव्हा ते वरच्या पट्टीत घुमतं, नेमकं माणसाच्या आवाजाच्या भागात. पातळ भिंतीचा घुमारा खालच्या पट्टीत जातो आणि डांबर तो गिळतं. सगळी अक्कल आवाज मोकळा ठेवण्यासाठी खर्च केलेली आहे, आणि ऐकताना ते जाणवतं.

आकाशवाणी नागपूरच्या बातम्या लावल्या की बोलणारा माणूस दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, साडेपाच फुटांच्या उंचीचा, उभा असतो. निवेदकानं श्वास घेतला, कागद उलटला, तोंड माइकपासून जरा बाजूला गेलं, सगळं कळतं. आई म्हणाली, "ह्या बाईले सर्दी झालेली दिसते." खरंच झाली होती. आधीचे आमचे मोठे टॉवर स्पीकर पाच वर्षं याच खोलीत होते, त्यांच्यावर कधी कुणाच्या सर्दीचा पत्ता लागला नव्हता.

गाण्यात तर विचारूच नका. वसंतराव देशपांडे आमच्याच भागातले, मूर्तिजापूरचे. त्यांचा मारवा किती वर्षं ऐकतोय, पण तान सुटायच्या आधी गळ्यात जी तयारी होते ती इथे पहिल्यांदा नीट ऐकू आली. तानपुऱ्याच्या चार तारा वेगवेगळ्या ऐकू येतात, जवारी (घोडीवरच्या दोऱ्यानं तारेला येणारी गुंजन) कुठे जास्त उघडलीय तेही कळतं. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या जुन्या, थोड्या खरखरत्या रेकॉर्डवरही आवाज खरखरीच्या पुढे येऊन बसतो.

पण माझा सगळ्यात मोठा दाखला खंजिरीचा. आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाचं भजन दर आठवड्याला होतं. तिथे उभं आयुष्य खंजिरी वाजवलेले एक काकाजी एकदा घरी आले होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतल्या भजनाचं एक जुनं ध्वनिमुद्रण मी त्यांना ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं, आणि संपल्यावर म्हणाले, "चामडं वललं हाय याचं. पाण्यापावसाचे दिवस असन. शेकली नाही यानं खंजिरी." दमट हवेत चामडं ढिलं पडतं, म्हणून वाजवण्याआधी खंजिरी विस्तवावर धरतात, हे मला माहीत होतं. ते रेकॉर्डमधून ऐकू येऊ शकतं हे माहीत नव्हतं. काकाजींनी स्पीकरचं नाव विचारलं नाही, किंमत विचारली नाही. तेच भजन परत लावायला सांगितलं.

आता खर्ज. हा बंद खोक्याचा, पाच इंची वूफरचा स्पीकर आहे. साधारण ८० हर्ट्‌झच्या खाली तो हात आखडता घेतो. त्याच्या वरच्या भागात, सव्वाशेच्या आसपास, बनवणाऱ्यांनी मुद्दाम थोडा फुगवटा ठेवलाय, त्यामुळे कानाला खर्ज आहे असं वाटतं. डग्गा भरून येतो, किंबहुना खऱ्यापेक्षा किंचित गुबगुबीत येतो. पखवाज मात्र अर्धाच मिळतो. नव्या सिनेसंगीतातला यंत्रावरचा खर्ज तर जवळपास नाहीच. ज्यांना छातीत धडधडायला हवं त्यांनी या वाटेला जाऊ नये. आणि आवाज फार वाढवायचा नाही. संवेदनशीलता (एका वॅटला मीटरभर अंतरावर मिळणारा आवाज) ८३ डेसिबलच्या आसपास, म्हणजे कमीच, झेपणारी ताकद २५ वॅटची. पोळ्याला भाच्यानं आवाज चढवला तेव्हा वूफर आतून टकटक करायला लागला. तो स्पीकरचा शेवटचा इशारा असतो, लगेच कमी करायचं. अंगणात दहा-वीस माणसांना ऐकवायला हे नाहीत. सहा-सात फुटांवर बसून दोघा-तिघांनी ऐकायला आहेत.

आणि इथेच खोलीचा मुद्दा येतो. माझ्या मते या स्पीकरचा निम्मा भाग म्हणजे खोली. हेच स्पीकर, हाच ॲम्प मी धाकट्या भावाच्या नव्या स्लॅबच्या घरात नेऊन लावला. गुळगुळीत प्लास्टर, फरशी, चार समांतर भिंती. टाळी वाजवली तर टाळीच्या मागे झर्रकन शेपटी निघते. तिथे गाणाऱ्याच्या 'स'ला धार आली, हार्मोनियम नाकात बोलायला लागली, आणि पंधरा मिनिटांत कान थकले. परत मातीच्या घरात आणले तर पुन्हा तोच शांत, भरलेला आवाज. कारण समजायला कठीण नाही. मातीची भिंत कुठेच सपाट नसते, तिच्यात कोनाडे असतात, फडताळं असतात, आवाज तिच्यावर आदळून एकाच दिशेला परतत नाही. वरचं लाकूड आणि कवेलू आवाजाला बाहेर जायला वाट देतात. सारवलेली जमीन फरशीसारखी खणखणत नाही. आणि दोन फुटांची जड भिंत खालचा स्वर थरथरून वाया घालवत नाही, खोलीत परत देते. छोट्या स्पीकरला तेवढा आधार पुरतो. शहरातले लोक भिंतीला फोमचे पट्टे लावून जे मिळवायला बघतात त्यातलं बरंचसं आमच्या आजोबांनी माती, शेण आणि लाकडात करून ठेवलं होतं. लोक ही घरं पाडून स्लॅब टाकतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

मी स्पीकर मागच्या भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ठेवलेत. भिंतीला चिकटवले तर तो फुगवटा जास्त होतो आणि बायकांचे आवाजही जाड होतात. स्टँड गावातल्या सुतारानं सागवानाचे करून दिले, खुर्चीवर बसल्यावर कान ट्विटरच्या रेषेत येईल अशा उंचीचे. जमीन उंचसखल आहे, म्हणून खाली शहाबादीचे तुकडे बसवले. आता हलत नाहीत. समोरची जाळी काढून ऐकू नका. आत ट्विटरभोवती जाड फेल्ट आहे, आणि आवाजाचा तोल जाळीसकट धरलेला आहे.

दिवाळीनंतर एक गंमत झाली. कापूस घरात आला आणि जागा नसल्यामुळे याच खोलीच्या मागच्या अर्ध्या भागात गंजी लागली. आवाज एकदम कोरडा झाला. प्रत्येक स्वर सुटा, स्वच्छ, पण तानपुऱ्याभोवतीची हवा गेली. भाव चढेपर्यंत तो कापूस तिथेच होता. चिंतनशील गायकीला ती खोली छान होती, नाट्यगीताला नाही. कापूस गेला तेव्हा मी थोडा ठेवून घेतला, दोन गोणपाटात भरून मागच्या कोपऱ्यांत उभा केला, आणि आता जो आवाज आहे तो मला सगळ्यात आवडतो. कापूस खोलीत असताना ॲम्प त्याच्यापासून लांब ठेवा, तो तापतो. बोंडाचे तंतू सुईलाही चिकटतात, प्रत्येक बाजूआधी ब्रश फिरवावा लागतो.

वीज हा आमच्याकडचा खरा शत्रू. रब्बीत पंप सुरू झाले की घरातला विजेचा दाब १७० व्होल्टपर्यंत उतरतो, आणि पंप बंद झाले की एकदम उसळतो. क्वाड ३०३ घेण्याचं एक कारण हेच, त्याच्या आतला वीजपुरवठा नियंत्रित आहे, छोटे चढउतार तो अंगावर घेतो. ८ ओहमला ४५ वॅट देणारा हा ॲम्प या स्पीकरच्या १५ ओहमला तीसेक वॅटच्या आत राहतो, म्हणजे स्पीकर जळण्याची भीतीही कमी. तरी समोर सर्वो स्टॅबिलायझर हवाच. रिलेवाला स्टॅबिलायझर दर वेळी टक् करतो आणि ते गाण्यात ऐकू येतं. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या. स्क्वेअर वेव्हवर ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो. उन्हाळ्यात घूं असा आवाज यायला लागला तर आधी अर्थिंग बघा: मीठ-कोळशाचा खड्डा एप्रिलमध्ये कोरडा पडतो. आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओतलं की आमच्याकडची घूं बंद होते. आणि वीज कडाडायला लागली की स्विच बंद करून भागत नाही, प्लग उपसून ठेवायचा.

उन्हाळ्याचं दुसरं दुःख कूलर. मार्च संपता संपता तो सुरू होतो आणि जूनपर्यंत गर्जत असतो. ८३ डेसिबलचा स्पीकर कूलरपुढे काय टिकणार? शेवटी मी ऐकायची वेळच बदलली. पहाटे साडेचार ते साडेसहा, कूलर बंद, घर अजून गार. भैरव, ललत, तोडी या रागांची माझी खरी ओळख या उन्हाळ्यात झाली. कूलरची ओली हवा थेट स्पीकरवर येऊ देऊ नका. दुपारी टिनाच्या खोलीत किंवा बंद गाडीत तर हे स्पीकर आणि एलपी दोन्ही नकोच. एलपी वाकतात आणि आतल्या डांबरी पट्ट्या सुटू शकतात. मातीच्या घराच्या मधल्या खोलीत मे महिन्यातही तेवढं तापत नाही.

पावसाळा माझ्या भीतीपेक्षा सोपा गेला. बी ११० चा शंकू कागदाचा नाही, बेक्स्ट्रीन या प्लास्टिकचा आहे, आणि त्याची कड रबराची. ज्या जुन्या स्पीकरांची कड फोमची असते ती आपल्या हवेत भुगा होऊन हातात येते; इथे तो प्रश्नच नाही. खोक्याला भोक नाही, त्यामुळे कुंभारीण माशीला घर करायला जागा नाही आणि उंदराला आत शिरायला वाट नाही. वायर मात्र उंदीर कुरतडतात, मी ती लोखंडी पाइपातून नेलीय. उधईसाठी (वाळवीसाठी) स्टँडच्या पायांना दर पावसाळ्याआधी औषध लावतो आणि महिन्यातून एकदा खोकं उचलून खाली बघतो.

घ्यायचे असतील तर काही गोष्टी स्वतः तपासा. जोडीचे क्रमांक जुळतात का. दोन्ही स्पीकर मोनोवर, एकाच बोलणाऱ्या माणसाच्या आवाजावर आळीपाळीनं ऐका. फरक वाटला तर एकाचा क्रॉसओव्हर (जाड आणि बारीक आवाज दोन ड्रायव्हरांत वाटणारं सर्किट) म्हातारा झालाय किंवा ड्रायव्हर बदललेला आहे. खोक्याला बोटाच्या पेरानं ठोका: सगळीकडे सारखा मंद आवाज यायला हवा, कुठे पोकळ वाजलं तर आतली पट्टी सुटलीय. १५ ओहमचे जुने, ११ ओहमचे १९८० च्या दशकाच्या शेवटापासूनचे. दोन्ही चांगले, पण जोडीत एक हा आणि एक तो असं चालत नाही. त्या सर्किटातले जुने कपॅसिटर बदललेले असतील तर कोणते घातले ते विचारा, आणि काढलेले मूळ सुटे भाग सोबत मागून घ्या. पार्सल ट्रान्सपोर्टनं मागवू नका. माझे मी रेल्वेनं नागपूरपर्यंत मांडीजवळ ठेवून आणले आणि पुढे एसटीत शेजारच्या सीटवर. एकेकाचं वजन पाच-सव्वापाच किलो, एका माणसाला दोन्ही नेता येतात.